प्लॅटिनमची तार आणि एरंडेल तेल: नायट्रो नौकेच्या इंजिनाचा इतिहास

(१)
साडेतीन सीसीचे इंजिन मुठीत मावते. मोटारसायकलच्या इंजिनाशेजारी ठेवले तर ते खेळणेच वाटेल; पण रेडिओ-नियंत्रित नौकेत बसवून पाण्यात सोडले की ते मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घेते. त्याला ठिणगी देणारी कॉइल नाही, संगणक नाही, कसलाही सेन्सर नाही. ते जुळवायचे ते एका बारीक स्क्रूच्या अष्टमांश फेऱ्याने, कानाने आणि धुराच्या दाटपणावरून. या जुळवणीतील जवळजवळ प्रत्येक कृतीमागे, दुसऱ्याच कुठल्यातरी कामासाठी लागलेला एखादा शोध उभा आहे. हा धागा त्या शोधांचा.

(२)
रेडिओ-नियंत्रित नौका ही विमानाहूनही जुनी आहे. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या पाच वर्षे आधी, १८९८ साली, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत प्रदर्शनात निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या हौदात एक छोटी नौका सोडली आणि कोणत्याही तारेविना तिचे सुकाणू वळवून, दिवे उघडझाप करून दाखवले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला या कल्पनेचे अमेरिकन पेटंट त्यांना मिळाले. ही नौका विजेच्या बॅटरीवर चालणारी होती. अशा यंत्रांमुळे युद्ध इतके विध्वंसक होईल की राष्ट्रे ते करणेच सोडून देतील, असा टेस्ला यांचा विश्वास होता. या विश्वासाचे पुढे काय झाले, ते याच धाग्यात येईल.

(३)
इंजिन मात्र निराळ्या वाटेने आले. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात १९०४ पासून मॉडेल-नौकांचा क्लब आहे. ब्रिटनमधील अशा क्लबांची मध्यवर्ती संघटना १९२४ मध्ये स्थापन झाली. त्या काळातील वेगवान नौका तळ्याच्या मध्यभागी रोवलेल्या खांबाला दोरीने बांधलेल्या असत आणि खांबाभोवती गरगर फिरत. काही वाफेवर, काही पेट्रोलवर. नौका हातातून सुटली की तिच्या मालकाच्या हाती काही उरत नसे. म्हणून इंजिन तापल्यावर आणि टाकीतले इंधन उतरल्यावर ते कसे वागेल याचा अंदाज बांधून, आधीच ते जुळवून ठेवावे लागे. आजच्या जुळवणीची शिस्त या तळ्याकाठी घडली.

(४)
१९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात बिल ब्राऊन या तरुणाने सुमारे १० सीसीचे एक इंजिन बनवले. ‘ब्राऊन ज्युनिअर’ या नावाने ते विकले गेले. त्याच्या जोरावर मॅक्सवेल बॅसेट याने १९३३ ची अमेरिकन राष्ट्रीय मॉडेल-विमान स्पर्धा गाजवली आणि छोट्या पेट्रोल इंजिनांचे युग सुरू झाले. अडचण होती ती ठिणगीची. कॉइल, कंडेन्सर, बॅटरी आणि संपर्क-बिंदू हा सारा लवाजमा इंजिनाबरोबर वाहून न्यावा लागे. विमानाला त्याचे ओझे होई. नौकेत त्यावर पाण्याचे तुषार उडत आणि ठिणगी विझे.

(५)
या अडचणीचे उत्तर शतकाहून अधिक काळ आधीच सापडलेले होते, फक्त प्रश्न ठाऊक नव्हता. खाणकामगारांच्या सुरक्षा-दिव्यावर काम करणारे हम्फ्री डेव्ही यांना १८१७ मध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली. तापवलेली प्लॅटिनमची तार ज्वलनशील वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरली, तर ज्योत नसतानाही ती लाल होऊन चमकत राहते. १८२३ मध्ये योहान डोबेरायनर यांनी याच गुणधर्मावर हायड्रोजन पेटवणारा दिवा बनवला. पुढे ‘कॅटॅलिसिस’ म्हणून ओळखल्या गेलेल्या क्रियेची ही आरंभीची उदाहरणे. प्लॅटिनम स्वतः जळत नाही. आपल्या पृष्ठभागावर इतरांना जळू देते.

(६)
१९४७ मध्ये अमेरिकेतील रे आर्डन यांनी हेच तत्त्व एका इवल्याशा प्लगमध्ये बसवून बाजारात आणले. हा ग्लो प्लग. त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूच्या तारेचे वेटोळे असते. सुरू करताना दीड व्होल्टच्या बॅटरीने ती तापवायची. इंजिन चालू झाले की बॅटरी काढून घ्यायची. मग प्रत्येक स्फोटाची उष्णता आणि मिथेनॉलच्या वाफेवर होणारी प्लॅटिनमची क्रिया, या दोहोंमुळे तार पुढच्या फेऱ्यापर्यंत तप्त राहते. कॉइल गेली, कंडेन्सर गेला, बॅटरी किनाऱ्यावर राहिली. छोट्या इंजिनांचे जग काही वर्षांतच पालटले.

(७)
या सोयीची एक किंमत होती. ठिणगीच्या इंजिनात प्रज्वलन कधी व्हावे हे एका तरफेने ठरवता येई. ग्लो प्लगच्या इंजिनात अशी तरफच उरली नाही. ती वेळ आता चार गोष्टींत विखुरली गेली: सिलिंडरमधील दाब, प्लगच्या तारेची उष्णता, इंधनातील नायट्रोमिथेनचे प्रमाण आणि हवा-इंधनाचे मिश्रण. यातील एक बदलली की उरलेल्या तिन्ही पुन्हा जुळवाव्या लागतात. नायट्रोमिथेन वाढवले, तर हेडखाली पातळ चकती घालून दाब कमी करावा लागतो. नाहीतर मिश्रण वेळेआधी पेटून इंजिन ठोका देऊ लागते. ‘ट्यूनिंग’ या शब्दाचा खरा अर्थ या चौघांचा मेळ घालणे हा आहे.

(८)
या इंजिनांना सारे ‘नायट्रो’ म्हणत असले, तरी बहुतेक मिश्रणांत मुख्य इंधन मिथेनॉलच असते. किलोमागे मिथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या निम्म्याहून कमी. परंतु त्याचे बाष्प होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते आणि इंजिन आतून थंड राखते. प्लॅटिनमशी त्याचे विशेष जमते. शिवाय मिश्रण थोडे इकडेतिकडे झाले तरी ते सांभाळून घेते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. मिथेनॉलला सुमारे ६.५ किलो पुरते. छोट्या सिलिंडरात हवा मर्यादितच येते, म्हणून हा आकडा निर्णायक ठरतो.

(९)
नायट्रोमिथेनचा हिशेब त्याहून थक्क करणारा. हरमान कोल्बे यांनी १८७२ मध्ये ते तयार केले. त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो, त्यामुळे एका किलोला केवळ १.७ किलो हवा पुरते. किलोमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या चौथाईएवढीच. पण तेवढ्याच हवेत ते कितीतरी अधिक जाळता येते. हिशेब मांडला तर समान हवेतून पेट्रोलच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते. १९३० च्या दशकात पर्ड्यू विद्यापीठात हेन्री हॅस यांच्या संशोधनातून त्याच्या औद्योगिक उत्पादनाची वाट मोकळी झाली. तेव्हा त्याच्याकडे इंधन म्हणून फारसे कोणी पाहत नव्हते. तो एक द्रावक होता.

(१०)
शोध मोठ्या यंत्रांकडून छोट्यांकडे उतरतात, अशी सर्वसाधारण समजूत. इथे प्रवाह उलटा वाहिला. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातील डूलिंग बंधू दोरीला बांधून फिरवायच्या मॉडेल मोटारी आणि त्यांची इंजिने बनवत. आपल्या इंधनात ते नायट्रोमिथेन मिसळत. त्यांच्याकडून ही युक्ती व्हिक एडलब्रॉक यांच्या कार्यशाळेत पोचली आणि तिथून मोठ्या मोटारींच्या शर्यतीत. आज हजारो अश्वशक्तीच्या ड्रॅग-रेसिंग गाड्या ज्या इंधनावर धावतात, त्याची पहिली परीक्षा पोरखेळ समजल्या जाणाऱ्या या इंजिनांत झाली होती.

(११)
इंधनाच्या डब्यात तिसरा घटक असतो वंगण. दोन-स्ट्रोक इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते. इंधनातच तेल मिसळावे लागते. बहुतेक खनिज तेले मिथेनॉलमध्ये विरघळत नाहीत. एरंडेल विरघळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अति उष्णतेत ते चटकन जळून जात नाही. त्याचा चिवट थर धातूवर धरून राहतो. मिश्रणात इंधन कमी पडून इंजिन तापले, तर याच थरामुळे ते वाचते. आधुनिक कृत्रिम तेले अधिक स्वच्छ जळतात, पण संकटाच्या क्षणी त्यांचा थर लवकर तुटतो. म्हणून अनेक मिश्रणांत आजही दोन्ही तेले एकत्र घालतात.

(१२)
‘ओसाड गावी एरंड बळी’ अशी एरंडाची थट्टा मराठीत होत आली आहे. पहिल्या महायुद्धात मात्र या एरंडाविना आकाश ओस पडले असते. नोम आणि ल रोन यांच्या फिरत्या विमान-इंजिनांना एरंडेलच लागे, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळून वाहून जात नसे. दोस्त राष्ट्रांना एरंडीचा पुरवठा करणारा मोठा प्रदेश होता हिंदुस्थान. ‘कॅस्ट्रॉल’ या प्रसिद्ध नावातही एरंडेलाचे इंग्रजी नाव दडलेले आहे. आजही जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते, आणि त्यात गुजरात आघाडीवर. परदेशातल्या एखाद्या तळ्यावर दरवळणारा तो गोडसर धूर अनेकदा आपल्याच शेतातून गेलेला असतो.

(१३)
आता जुळवणीकडे. कार्ब्युरेटरवर दोन सुया असतात. मोठी सुई पूर्ण वेगातले इंधन ठरवते, छोटी सुई मंद चालीतले. नियम असा की इंधन आवश्यकतेहून अधिक सोडून आरंभ करायचा. मेकॅनिकच्या भाषेत हे ‘रिच’ मिश्रण: धूर दाट, आवाज जडसर आणि अडखळता. मग दर फेरीनंतर मोठी सुई अष्टमांश फेरा किंवा त्याहूनही कमी आत घ्यायची. आवाज मोकळा होतो, वेग वाढतो. वेग वाढायचा थांबला की आणखी पुढे जायचे नाही. उलट किंचित मागे यायचे. शेवटचा तो टप्पा ओलांडला की मिश्रण ‘लीन’ होते, धूर नाहीसा होतो आणि काही क्षणांत इंजिन जळते.

(१४)
ही जुळवणी पाण्यावरच करावी लागते. स्टँडवर प्रोपेलरला पाण्याचा भार नसतो. तिथे पूर्ण वेगाने चालवलेले इंजिन भाराविना उधळते आणि थंड करणाऱ्या पाण्याअभावी तापते. लाटेवर उसळलेल्या नौकेचा प्रोपेलर हवेत आला की क्षणभर हेच घडते. त्यातच धावता धावता टाकी रिकामी होत जाते आणि मिश्रण हळूहळू लीन होते. यावर उपाय म्हणून धुराड्याचा थोडा दाब नळीने टाकीत देतात, आणि सुई थोडी रिच ठेवतात. खांबाला बांधलेल्या नौकांच्या काळातला अंदाज इथे पुन्हा उपयोगी पडतो.

(१५)
नौकेच्या इंजिनाला पाणी फुकट मिळते. सुकाणूजवळच्या बारीक नळीतून वेगाच्या जोरावर ते आत शिरते, सिलिंडरभोवती फिरते आणि बाजूने चिळकांडी होऊन बाहेर पडते. ती चिळकांडी थांबली की नौका तत्काळ किनाऱ्याला आणावी. मात्र अति थंडावाही घातक. या इंजिनांपैकी पुष्कळांत ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोमचा मुलामा दिलेले पितळी सिलिंडर असते. हे सिलिंडर वरच्या टोकाला किंचित निमुळते ठेवलेले असते, ते तापल्यावर पितळ प्रसरण पावून पिस्टनशी नेमके जुळावे म्हणून. थंडच राहिलेल्या इंजिनात पिस्टन वर दरवेळी घासतो आणि त्याची घट्ट पकड झिजून जाते.

(१६)
इंजिनाच्या पोटात काय चालले आहे, हे सांगणारा साक्षीदार म्हणजे ग्लो प्लग. पूर्ण वेगाची फेरी घेऊन इंजिन एकदम बंद करायचे आणि प्लग काढून तार पाहायची. तार चकचकीत आणि मूळ आकारात असेल, तर मिश्रण सुरक्षित. ती मळकट, करडी पडली असेल, तर मिश्रण लीनकडे झुकते आहे. वेटोळे वाकले, दबले किंवा तुटले असेल, तर मिश्रण फार लीन आहे किंवा दाब फार अधिक. ताम्रपट वाचणाऱ्याने अक्षरवळणावरून काळ ओळखावा, तसा जाणकार या तारेवरून इंजिनाची गेली दोन मिनिटे वाचतो.

(१७)
धुराडे हा या इतिहासाचा सर्वांत नाट्यमय अध्याय. दोन-स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू बाहेर जाताना त्यामागून थोडे ताजे मिश्रणही निसटते. दुहेरी शंकूच्या आकाराची नळी ही गळती थांबवते. बाहेर पडणारी दाबाची लहर रुंदावत्या शंकूत शिरली की मागे ओढ निर्माण होते आणि सिलिंडर रिकामे होते; पुढे निमुळत्या शंकूवर आपटून ती दाब होऊन परतते आणि निसटलेले मिश्रण दार बंद होण्याआधी आत ढकलते. नळी आखूड केली तर हा मेळ अधिक फेऱ्यांवर बसतो, लांब केली तर कमी फेऱ्यांवर. म्हणून नळीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून ठेवतात.

(१८)
या नळीचे शास्त्र परिपूर्ण केले पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन यांनी. दुसऱ्या महायुद्धात हेच काडेन हेन्शेल कंपनीत एचएस २९३ या रेडिओ-नियंत्रित बॉम्बच्या कामावर होते. विमानातला सैनिक हातातल्या छोट्या दांडीने तो लक्ष्यावर नेई. २७ ऑगस्ट १९४३ रोजी त्याने ब्रिटिश युद्धनौका एग्रेट बुडवली. २६ नोव्हेंबरला अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ ‘रोना’ ही ब्रिटिश इंडिया कंपनीची नौका बुडाली. हजाराहून अधिक अमेरिकी सैनिक आणि तिच्यावरचे अनेक भारतीय खलाशी मृत्युमुखी पडले. टेस्ला यांची शांततेची आशा पंचेचाळीस वर्षांनी अशी बुडाली.

(१९)
१९६१ मध्ये एमझेडच्या १२५ सीसी इंजिनाने लिटरमागे २०० अश्वशक्तीचा टप्पा गाठला. कारखान्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. त्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीत डेग्नरचे इंजिन मोडले, आणि तो पूर्व जर्मनीला परतलाच नाही. त्याच सुमारास त्याची पत्नी आणि मुले मोटारीच्या डिकीत लपून सीमेपार झाली होती. काडेन यांचे ज्ञान घेऊन डेग्नर जपानमध्ये सुझुकीकडे गेला आणि १९६२ मध्ये सुझुकीच्या ५० सीसी मोटारसायकलवर विश्वविजेता झाला. एमझेडला ते विजेतेपद कधीच मिळाले नाही. एका कुटुंबाचे स्वातंत्र्य आणि एका संशोधकाची आयुष्यभराची कमाई, दोन्ही एकाच सीमेवर तोलली गेली.

(२०)
नळीचे तत्त्व आता गुपित उरले नाही. १९६६ मध्ये दोरीने नियंत्रित होणाऱ्या वेगवान मॉडेल-विमानांच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या बिल विस्निव्हस्की यांनी अशीच नळी लावून प्रतिस्पर्ध्यांना चकित केले. पुढे ती नौकांवर आली आणि कायमची राहिली. आज एखादा हौशी खेळाडू रबरी जोडणी सैल करून नळी दोन मिलिमीटर पुढेमागे सरकवतो, तेव्हा शीतयुद्धातील एका देशाचे राखलेले गुपित त्याच्या बोटांखाली असते.

(२१)
नौका किनाऱ्याला आली म्हणजे काम संपत नाही. मिथेनॉल हवेतली ओल शोषते. नायट्रोमिथेनच्या ज्वलनातून आम्लयुक्त अवशेष उरतात. रात्रभर तसेच ठेवले तर बेअरिंग गंजतात. म्हणून टाकी रिकामी करून उरलेले इंधन जाळून टाकायचे, आत तेलाचे थेंब सोडून इंजिन फिरवायचे, लवचीक शाफ्ट काढून पुसून त्याला पुन्हा ग्रीस लावायचे. नौका उलटून इंजिनात पाणी शिरले असेल, तर स्टार्टर मुळीच लावायचा नाही. पाणी दाबले जात नाही. त्याऐवजी कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचे.

(२२)
या इंधनाकडे खेळ म्हणून पाहणे धोक्याचे आहे. मालवणी येथे २०१५ मध्ये मुंबईने मिथेनॉलचे रूप पाहिले. विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. १९५८ मध्ये अमेरिकेत नायट्रोमिथेनने भरलेल्या रेल्वे-टाक्यांचे स्फोट झाले. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटीतील हल्ल्यात, जिथे १६८ जण मारले गेले, तेच रसायन वापरले गेले होते. युरोपीय संघाने १ फेब्रुवारी २०२१ पासून १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले मिश्रण सर्वसामान्य माणसाला परवान्याविना मिळणे बंद केले. आधी ही मर्यादा ३० टक्के होती. सामान्य माणसाच्या हाती काय असावे, हा प्रश्न या छोट्या टाकीपर्यंत येऊन पोचला आहे.

(२३)
दरम्यान ब्रशविरहित विद्युत मोटर आणि लिथियम बॅटरी आल्या. त्या शांत आहेत, स्वच्छ आहेत आणि वेगवानही. त्यांना सुई नाही, प्लग नाही, धूर नाही. नायट्रो इंजिनांचा पसारा आटतो आहे आणि त्यात तक्रार करण्याजोगे फारसे काही नाही. ठिणगीची इंजिनेही अशीच मागे पडली होती. परंतु प्रत्येक स्थित्यंतरात एक गोष्ट हिशेबाबाहेर राहते. पेटंट दफ्तरात टिकते, इंजिन संग्रहालयाच्या कपाटात टिकते, नळीचे गणित पुस्तकात टिकते. सुई नेमकी कुठे थांबवायची हे ज्या कानाला कळते, तो कान मात्र माणसाबरोबर जातो.

(२४)
इतिहासाची साधने म्हणून बखरी, ताम्रपट, दफ्तरे यांचा अभ्यास होतो. हाताच्या ज्ञानाला दफ्तर नसते. हीच स्थिती कार्ब्युरेटर कानाने जुळवणाऱ्या गॅरेजमधल्या मिस्त्रीची, आणि भाता किती ओढायचा हे निखाऱ्याच्या रंगावरून ओळखणाऱ्या लोहाराची. त्यांना प्रश्न विचारून, त्यांची उत्तरे नोंदवून ठेवणारे फार थोडे. डेग्नरने काडेन यांचे ज्ञान नेले, म्हणून निदान ते नोंदले तरी गेले. बाकीचे पुष्कळसे ज्ञान कोणी चोरण्याइतकेही मोलाचे मानले नाही. ते अजून ज्यांच्या बोटांत आहे, ती माणसे बहुतेक गावांत आजही भेटतात. वही घेऊन त्यांच्याकडे जाण्याची वेळ अद्याप टळलेली नाही.